सासूबाई डॉक्टरांना काय म्हणाल्या

रविवार, २६ ऑक्टोबर. आज इथे जर्मनीत घड्याळं हिवाळ्यासाठी एक तास मागे घ्यायची होती. फोन आपले आपण बदलतात. ओव्हनचं, बैठकीतलं आणि गाडीतलं मला बदलावं लागतं. ते झालं. आता जेवणाच्या टेबलावर मंदारचा फॉर्म घेऊन बसले आहे. उद्या सकाळी सव्वाआठला त्याला नव्या हृदयरोगतज्ज्ञांकडे जायचंय, आणि इथे नव्या डॉक्टरकडे जाताना आपला चार पानी इतिहास भरून न्यावा लागतो. आनाम्नेझेबोगन म्हणतात त्याला. आमच्या घरातले सगळे फॉर्म मीच भरते. मंदार माझा नवरा; वीस वर्षांत त्याने फक्त सह्या केल्या आहेत.

जे आता लिहिते आहे ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. मंदारला नाही, मुलीला नाही, पुण्यातल्या माझ्या बहिणीला नाही — जिला मी माझं वजनसुद्धा खरं सांगते. सात वर्षं झाली. लपवायला फार कष्ट पडले असंही नाही. कुणी विचारतच नसेल तर लपवण्यात अवघड काय असतं?

आज विचारलं. म्हणजे फॉर्मने विचारलं.

तिसऱ्या पानावर कुटुंबाची माहिती आहे. आईवडील, भावंडं — कुणाला हृदयविकार, रक्तदाब, मधुमेह? मी खुणा करत खाली आले. मग पुढची ओळ होती : नैराश्य किंवा इतर मानसिक आजार. सवयीने मी ती मोठ्याने वाचली. मंदार सोफ्यावर डोळे मिटून पडला होता.

"नाही लिही," तो म्हणाला.

"आईंना —"

"आईला हार्टचं होतं. बाकी काही नव्हतं. त्या डॉक्टरबाईंनी विचारलं होतं की तिला, तूच तर होतीस बरोबर. सगळं ठीक म्हणाली होती ना?" लगेच तो चिडला. "नाही लिही गं. हार्टच्या डॉक्टरला कशाला हव्यात नसत्या चौकशा!"

मी ती चौकट रिकामी सोडली आणि ओव्हनचं घड्याळ बदलायला उठले. ते मी आधीच बदललं होतं.

मंदारचं आधी सांगते. नाही — टाळते आहे असं समजू नका. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. ऑगस्टमध्ये त्याला झटका आला. बावन्नाव्या वर्षी, सायकलवरून ऑफिसला जाताना. वेळेत हॉस्पिटलात पोचला, स्टेंट बसला, मग तीन आठवडे रेहामध्ये होता, म्हणजे आजारातून उठलेल्यांना पुन्हा उभं करतात तिथे. हृदय आता चांगलं चाललंय असं सगळे म्हणतात. पण मंदार चाललेला नाही. पहाटे चारला उठून बसतो. सायकलचं मागचं चाक तेव्हापासून बसलेलं आहे, त्यात हवा भरलेली नाही. दिवाळीचा चिवडा डब्यात तसाच आहे — मंदार आणि चिवडा न खाणार! काही विचारलं की खेकसतो. आणि गेल्या आठवड्यात, मी कपडे वाळत घालत असताना, स्वतःशी बोलल्यासारखा म्हणाला, "बाबा गेल्यावर आई एकटी राहिली, पण कधी कुरकुर केली नाही. मलाच काय झालंय कळत नाही. मीच असा कसा निघालो?"

माझ्या हातात त्याचाच शर्ट होता. मी तो दोनदा झटकला आणि दोरीवर टाकला.

रेहामध्ये एका दुपारी घरच्या माणसांना बोलावलं होतं. तिथल्या मानसोपचारतज्ज्ञ बाई अगदी सरळ बोलल्या. हृदयाचा झटका येऊन गेल्यावर मन खचणं नेहमीचं आहे, म्हणाल्या, आणि खचलेलं मन हृदयाला पुन्हा खाली ओढतं. माणसाची झोप जाते, चालणं सुटतं, तो गोळ्या टाळायला लागतो. उलटही होतं — आधी मन खचतं आणि मग हृदय. बायका पुष्कळदा त्याला थकवा म्हणतात. पुरुष चिडतात, म्हणून घरचे त्यांच्याशी भांडत बसतात आणि आजार राहून जातो. सगळे माना डोलवत होते. मी नोंदी घेत होते, कारण मी कुठेही बसले की नोंदी घेते. 'गोळ्या टाळतो' इथे माझं लिहिणं थांबलं.

आता सासूबाई.

त्या दर उन्हाळ्यात तीन महिने आमच्याकडे डार्मश्टाटला यायच्या. त्या पुण्याला टेलिफोन खात्यात होत्या — ट्रंक कॉल जोडून द्यायचं काम, तीस वर्षं. आवाज खणखणीत आणि जीभ तिखट. आमच्या इमारतीत दुपारी एक ते तीन गोंगाट करायचा नाही हा नियम ऐकून म्हणाल्या होत्या, "म्हणजे कुकरनेसुद्धा शिटी मनातल्या मनात द्यायची का?" येताना वर्तमानपत्रातली शब्दकोडी कापून आणायच्या, तीन महिन्यांची, रबर लावून. रोज एक. दोन एकदम सोडवली तर पुढे उपास पडेल म्हणायच्या.

सात वर्षांपूर्वी त्या आल्या तेव्हा सासरे जाऊन तीन वर्षं झाली होती, आणि त्यांची स्वतःची अँजिओप्लास्टी होऊन दोन. त्या वेळी गठ्ठ्याचं रबर निघालंच नाही. मी ते पाहिलं होतं. रोज टेबल पुसताना तो गठ्ठा उचलायचा, खालून पुसायचं, परत ठेवायचा. मग काय वाटलं मला? टेबलावर अडगळ झाली आहे असं वाटलं.

त्या खिडकीपाशी बसून असायच्या. मुलगी तेव्हा बारा वर्षांची होती; तिला मराठी सगळं कळतं, उत्तर जर्मनमध्ये देते. एकदा स्वयंपाकघरात येऊन हळूच म्हणाली, "ओमा इस्ट ट्राउरिष." आजी उदास आहे. मी पोळी लाटत होते. म्हटलं, "ओमा नाही म्हणायचं. आजी म्हणायचं." आणि लाटत राहिले. मुलीचा शब्द दुरुस्त केला. ती काय सांगत होती ते तसंच पोळपाटापाशी राहिलं.

मग जुलैमध्ये त्यांची छाती धडधडायला लागली. मी ओळखीतून एका हृदयरोगतज्ज्ञांची वेळ मिळवली. मंदारचं महत्त्वाचं काहीतरी ऑफिसात होतं, तेव्हा मी अर्धी रजा टाकून गेले. मीच जाणं सोयीचं होतं. माझं जर्मन चांगलं आहे. मी एका औषध कंपनीत काम करते — खोक्यात घडी घालून जो कागद येतो ना, तो तपासते. शब्दन्‌शब्द. एक 'नको' गळला तरी मी छपाई थांबवते. दुभाषी म्हणून माझ्याइतकं भरवशाचं माणूस शोधून सापडलं नसतं, हो की नाही?

पन्नाशीच्या बाई होत्या डॉक्टर, आखूड पांढरे केस. ईसीजी झाला, सोनोग्राफी झाली. मग त्यांनी सगळं बाजूला ठेवलं, खुर्ची पुढे ओढली, आणि माझ्याकडे नाही — सासूबाईंकडे बघून विचारलं : मन कसं असतं? पूर्वी ज्यात आनंद वाटायचा, त्यात आता वाटतो का? मी मराठीत सांगितलं. तेवढं मी नीट सांगितलं.

सासूबाई माझ्याकडे वळल्याच नाहीत. त्या डॉक्टरांशीच बोलायला लागल्या, मराठीत, त्यांना कळत असल्यासारख्या. मला ते जसंच्या तसं पाठ आहे. विसरायचा प्रयत्नही करून पाहिला आहे.

"डॉक्टरबाई, सकाळी जाग आली की वाईट वाटतं — की का आली जाग. हे गेले तेव्हा नव्हतं असं, आता होतंय. कोडं घ्यावं तर पहिल्या ओळीकडे नुसती बघत राहते. तीस वर्षं दिवसभर लोकांची बोलणी जोडून दिली हो मी, आणि आता मला कुणाशी काय बोलावं सुचत नाही. ही माझं सगळं करते. गोळी घेतलीत का, जेवलात का, फिरून आलात का. तीनच प्रश्न विचारते, आणि उत्तराला थांबत नाही. वाईट नाहीये ती. पण मी दिवसभर बोललेच नाही, हे रात्री अंथरुणावर कळतं. मग छाती धडधडते. आधी हे होतं, मग ते."

दोनेक मिनिटं बोलल्या असतील. डोळे भरले नव्हते. आवाज पूर्वी फोनवर असायचा तसा, स्पष्ट. डॉक्टर माझ्याकडे वळल्या.

आणि मी म्हणाले : झोप थोडी कमी लागते म्हणतात. उकाड्याचा त्रास होतो. बाकी ठीक.

डॉक्टरांनी सासूबाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "एवढंच म्हणाल्या?"

"जा, गेनाऊ," मी म्हणाले. हो, नेमकं एवढंच.

हाच तो गुन्हा. एका वाक्याचा आहे. बरं, पुढचंही सांगते.

डॉक्टर थोडं थांबल्या. आणखी विचारावं का, असा विचार त्यांच्या चेहऱ्यावर येऊन गेला — मी पाहिला. पण त्या तरी काय करणार? त्या खोलीत दोन्ही भाषा एकटीला मलाच येत होत्या. मग म्हणाल्या, हृदय त्या मानाने बरं आहे, औषधं तीच चालू ठेवा, रोज चाला. मी सासूबाईंना सांगितलं : "आई, डॉक्टर म्हणतात, ह्या वयात होतं असं. मनावर घेऊ नका. रोज चाला."

'ह्या वयात होतं' हे डॉक्टर म्हणाल्या नव्हत्या. 'मनावर घेऊ नका' हेही नाही. दोन्ही माझं.

जिन्यात सासूबाईंनी विचारलं, "सगळं सांगितलंस ना तिला?"

"हो, सांगितलं की."

"आणि मनावर घेऊ नका म्हणाली?"

"हो."

त्या एक पायरी उतरल्या, कठडा धरून थांबल्या. "मग ठीक आहे," म्हणाल्या. "एवढी शिकलेली बाई म्हणते तर."

त्यानंतर त्या विषयावर त्या कधी बोलल्या नाहीत. मुलाशी नाही, पुण्यात लेकीशीही नाही. कशाला बोलतील? डॉक्टरला सांगून झालं होतं. डॉक्टरने उत्तर दिलं होतं.

का केलं मी असं? मला हे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि मी उत्तर देते, पण ते सबब म्हणून घेऊ नका. साडेअकराला माझी मीटिंग होती. हार्टच्या डॉक्टरकडे मन लागत नाही म्हणून काय सांगायचं, असंही वाटलं. हे दोन्ही खरं, आणि दोन्ही किरकोळ. खरी गोष्ट अशी की मला राग आला होता. मी यांच्यासाठी रजा टाकली, आणि या एका परक्या बाईपुढे माझी तक्रार करतात? तीन प्रश्न! ते तीन प्रश्न मी माझ्या तोंडाने जर्मनमध्ये सांगायचे? ते सांगायचे नव्हते, म्हणून त्याच्या आजूबाजूचं सगळंच गाळलं. जाग आल्याचं वाईट वाटतं, हेसुद्धा. ते ऐकून त्या डॉक्टर काय करतील हे मला पक्कं माहीत होतं. त्यांनी आम्हाला तसं सोडलं नसतं.

घरी येऊन मंदारला सांगितलं, "सगळं ठीक आहे. मनाबद्दलही विचारलं त्यांनी, आई म्हणाल्या छान आहे." त्याला बरं वाटलं. त्याने आईला आइस्क्रीम आणलं. त्यांनी ते खाल्लं, सगळं, चमचा चाटून.

सप्टेंबरात त्या परत गेल्या, आणि पुढच्या उन्हाळ्यात आल्याच नाहीत. चौदा महिन्यांनी पुण्यातच गेल्या, सकाळी, दुसऱ्या झटक्यात. माझ्या नणंदेने, रोहिणीताईंनी, महिन्याभरात कपाट आवरलं, आणि त्यांना साड्यांच्या खाली गोळ्यांच्या पट्ट्या सापडल्या. एकही गोळी न काढलेल्या. कितीतरी महिन्यांच्या. "विसरायला लागली होती गं आई," फोनवर त्या रडत म्हणाल्या. जी बाई शेकडो टेलिफोन नंबर मरेपर्यंत तोंडपाठ म्हणायची, ती विसरली होती? आणि विसरलेल्या गोळ्या कुणी साड्यांखाली ठेवतं?

"वय झालं होतं, ताई," मी म्हणाले.

त्या पट्ट्यांसोबत कोड्यांचा गठ्ठा होता का, हे मी विचारलं नाही.

माझ्या एका वाक्याने त्या गेल्या असं मी म्हणत नाही. हृदय आधीच दुखावलेलं होतं, आणि अशी गणितं करायची माझी पात्रता नाही. डॉक्टरांना सगळं कळलं असतं तर काय झालं असतं, हे कुणालाच सांगता येणार नाही. पण ते कळू न देणारी मी होते, एवढं मात्र सांगता येतं. सासूबाईंनी स्वतःच स्वतःचं निदान केलं होतं — आधी हे होतं, मग ते. मानसोपचारतज्ज्ञांनी रेहामध्ये जे तासभर समजावलं ते त्यांनी पाच शब्दांत सांगितलं होतं. मी ते उकाड्यावर ढकललं.

सात वर्षं हे माझ्यापुरतं होतं. माझं होतं, माझ्यापाशी होतं, मी सांभाळून होते. आता ते तसं राहिलेलं नाही. मंदार पहाटे चारला उठून जिच्याशी स्वतःची तुलना करतो ती आई कधी नव्हतीच. कधीही न खचलेली ती बाई मी बनवली आहे, त्या दवाखान्यात, एका वाक्यात, आणि तो तिच्यापुढे स्वतःला कमी ठरवतो आहे. उद्याच्या डॉक्टरांनी विचारलं तर तो सांगणार, आमच्याकडे असलं काही नाही. आणि पुरावा म्हणून माझं नाव घेणार.

आत्ता संध्याकाळचे सहा वाजलेत. काल ह्या वेळी सात होते. बाहेर अंधार पडला आहे. मंदार झोपला नाहीये, पण डोळे मिटलेले आहेत. 'नाही'वर खूण करायला एक सेकंद लागेल. माझ्या हातात पेन आहे. मी फॉर्म बंद करून पिशवीत ठेवते आहे. चौकट रिकामीच आहे.

सोमवार. साडेसहाला चहा ठेवला आणि उकळी यायच्या आत सांगितलं. चहा ओतल्यावर मी काहीतरी दुसरं काम काढलं असतं. मंदार खुर्चीत बसला होता. मी ओट्याला टेकून, हात पुसत, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांगितलं. गठ्ठा, डॉक्टरांचा प्रश्न, माझं उत्तर, जिना, आइस्क्रीमच्या दिवशी त्याला काय सांगितलं ते. साड्यांखालच्या पट्ट्या त्याला माहीत होत्या. त्याने मध्ये एकदाच तोंड उघडलं : "नेमकं काय म्हणाली होती ती? तुझ्या शब्दांत नको." मग मी सासूबाईंच्या शब्दांत सांगितलं.

त्याने चहा संपवला. उठून त्याने कप विसळला, जागेवर ठेवला, आणि बूट घालायला गेला. मी फॉर्म काढला, तिसऱ्या पानावर 'हो'वर खूण केली, पुढच्या रेघेवर 'आई' लिहिलं. ट्राममध्ये जागा होती, पण आम्ही शेजारी बसलो नाही.

नवे डॉक्टर तरुण आहेत. पानं उलटत तिसऱ्यावर थांबले, म्हणाले, तुमच्या आईला नैराश्य होतं असं लिहिलंय, त्याबद्दल काही सांगाल? मंदारचं जर्मन माझ्याहून चांगलं आहे. त्याला दुभाषी लागत नाही. तो माझ्याकडे वळला आणि मराठीत म्हणाला, "तू सांग. ऐकलं तू होतंस."

मी सांगितलं. जाग आल्याचं, कोड्यांचं, टेलिफोनचं, माझ्या तीन प्रश्नांचं, आणि उत्तराला मी थांबत नसे त्याचं. आधी काय होतं आणि मग काय. दोन मिनिटं लागली.